मंद आचेवरचे लहान भांडे



मराठी घरांत रोज उच्चारले जाणारे एक साधे वाक्य आरंभीच तुमच्यासमोर ठेवते: "एकटीसाठी काय करायचं?" या वाक्यात 'काय' हे प्रश्नार्थक सर्वनाम आहे आणि शेवटी प्रश्नचिन्हही आहे; तरीही हा प्रश्न नव्हे. ऐकणाऱ्याने भाबडेपणाने "पिठलं कर" असे उत्तर दिले, तर बोलणारी बाई त्याच्याकडे आश्चर्याने पाहील. तिला उत्तर नकोच असते. रूप प्रश्नाचे आणि अर्थ नकाराचा, अशी ही रचना आहे. बोलण्यातील स्वर बदलून शब्दांच्या विरुद्ध अर्थ सुचवणे, याला संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकू' अशी संज्ञा आहे. नात्यातल्या काकूशी या संज्ञेचा काही संबंध नाही. मात्र हे वाक्य मी प्रथम ऐकले ते आमच्या एका वृद्ध काकूंच्याच तोंडून.

या वाक्याला एक भावंडही आहे. एकट्या राहणाऱ्या बाईने स्वयंपाक केलाच, तर ती सांगते, "केलं थोडं माझ्यापुरतं." ती "माझ्यासाठी केलं" असे सहसा म्हणत नाही. '-साठी' हे शब्दयोगी अव्यय हेतू सांगते. ज्याच्यासाठी केले ती व्यक्ती त्यामुळे कृतीच्या टोकाशी उभी राहते. '-पुरते' हे मर्यादा सांगते, माप सांगते. व्याकरणात मी हा भेद अनेक वर्षे शिकवला. तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन राहील, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

माझे पती गेले, त्याला आता चार वर्षे झाली. मुलगी उत्तर फ्रान्समधील लील या शहरात नोकरी करते. घरात सहा माणसांच्या मापाची भांडी आणि माणूस एक. पहिले वर्ष डब्यावर गेले. डबा चांगला होता, त्याविषयी तक्रार नाही. तुमच्यापैकीही अनेकजण नोकरी, प्रवास आणि अभ्यास यांतून उरलेल्या वेळात कुठल्यातरी खोलीवर असेच एकेकटे जेवत असाल, म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडावासा वाटला. विषय वरकरणी अगदी किरकोळ आहे: काचेचा लेप दिलेले, ओतीव लोखंडाचे, हातभर उंचीचेही नसलेले एक भांडे.

आधी एक व्यावहारिक गोष्ट. थोडे शिजवणे हे पुष्कळ शिजवण्यापेक्षा अवघड असते. याचे कारण मनात शोधण्यापूर्वी भांड्यात शोधावे. मोठ्या पातेल्यात मूठभर डाळ घातली, तर ती तळाशी पातळ थरात पसरते. पाणी थोडे आणि वाफ होण्यासाठी उघडा पृष्ठभाग मोठा. म्हणून डाळ मऊ होण्याआधीच पाणी आटते आणि तळ पातळ असेल तर ती बर्नरच्या बरोबर वर करपते. पाणी वाढवत गेलो, तर आमटीचे कळवणी होते. आजी म्हणत असे की चार माणसांची आमटी आपोआप चांगली होते, एकाची करावी लागते. एकट्या माणसाला लहान भांडे लागते, आणि ते जाड बुडाचे लागते.

मुलीने पहिल्या सुट्टीत येताना आपल्या सामानात असे एक भांडे आणले. १६ सेंटिमीटर व्यासाचे, सुमारे सव्वा लिटर मावेल एवढे. पण हातात घेतले तेव्हा मनगट खाली गेले. एवढ्याशा भांड्याचे वजन दोन किलोंच्या आसपास! फ्रेंच भाषेत याला 'कोकोत' म्हणतात. हा शब्द मजेदार आहे: लहान मुलांच्या बोलीत त्याचा अर्थ कोंबडी, लाडाने हाक मारताना 'छकुली'सारखा काहीतरी, आणि स्वयंपाकघरात झाकणाचे जड भांडे. प्रेशर कुकरला फ्रेंच माणसे 'कोकोत-मिनित' म्हणतात, म्हणजे मिनिटांत काम उरकणारी कोकोत. साध्या कोकोतला अशी घाई नसते, हे त्या नावातूनच कळते.

असे भांडे वाळूच्या साच्यात ओततात. लोखंडी भांडी वाळूत ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट अब्राहम डार्बी याने इंग्लंडमध्ये १७०७ साली घेतले होते. त्यावर काचेचा लेप चढवून ते घरोघरी पोहोचवण्याच्या कामात उत्तर फ्रान्सचा वाटा मोठा आहे. १९२५ साली फ्रेन्वा-ल-ग्रां या गावी आर्मां देझागेर आणि ऑक्ताव्ह ओबेक या दोन बेल्जियन गृहस्थांनी 'ल क्रूझे' हा कारखाना काढला. एकाला ओतकाम येत होते, दुसऱ्याला लेपाचे काम. 'क्रूझे' म्हणजे मूस, धातू वितळवण्याचे पात्र. त्यांच्या भांड्यांचा प्रसिद्ध नारिंगी रंग मुशीतल्या तापलेल्या लोखंडाचा आहे, असे सांगितले जाते. माझे पहिले भांडे मात्र दुसऱ्या घराण्याचे. आल्सास प्रांतात १९७४ साली सुरू झालेल्या 'स्टॉब'चे. त्याचे पोट आतून काळे, खरखरीत आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूस बारीक उंचवटे आहेत. पुढे मी आतून पांढरट लेप असलेले, १८ सेंटिमीटरचे दुसरे घेतले. ही भांडी महाग असतात. आता भारतातही तशी होतात व तुलनेने स्वस्त मिळतात, पण ती घ्याच असा माझा आग्रह नाही.

ओतीव लोखंडाला मराठीत छोटासा, नेमका शब्द आहे: बीड. कोकणात घावने आणि आंबोळ्या ज्याच्यावर होतात तो बिडाचा तवा. बिडात कार्बनचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागत असले, तरी बीड १२०० अंशांच्या आसपासच पातळ होते आणि साच्यात भरते. त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होते; पोलादाचे भांडे पडले तर पोचा येतो, बिडाचे पडले तर तडकते. ज्यांच्या घरी बिडाचा तवा आहे त्यांना हे सांगायला नको.

'एनॅमल'साठी मात्र मराठीत निर्विवाद शब्द नाही. 'मुलामा' म्हणावे, तर आपण 'सभ्यतेचा मुलामा' म्हणतो. त्या शब्दाला वरवरच्या दिखाऊपणाचा वास लागला आहे. 'मिना' जवळचा आहे, कारण दागिन्यांवरील मिनाकारीतही काच वितळवून धातूवर बसवतात. पण तो शब्द सोनाराच्या पेढीवरून चुलीपाशी यायला तयार नाही. मी 'काचेचा लेप' म्हणते. भांड्यावर काचेच्या भुकटीचे मिश्रण फवारून ते सुमारे ८०० अंशांवर भाजतात, तेव्हा काच वितळून लोखंडाला धरून बसते. रंग जसा पृष्ठभागावर बसतो तसे हे नसते. दोन्ही पदार्थ सीमेवर एकमेकांत गुंतलेले असतात.

आपल्याकडे याच्या जवळची वस्तू म्हणजे कल्हई. हा शब्द अरबीतील कथिलवाचक 'कलई' या शब्दापासून आला. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती 'कळकते'. या एका क्रियापदात रसायनशास्त्राचा एक पूर्ण धडा आहे, आणि स्टीलच्या भांड्यांबरोबर ते आपल्या घरांतून जवळजवळ गेले आहे. कळकू नये म्हणून कथिलाचा थर. कथील २३२ अंशांनाच वितळते, त्यामुळे कल्हईवाला रस्त्याच्या कडेला भाता लावून, नवसागराची पूड टाकून, कापसाच्या बोळ्याने ते भांड्यात फिरवू शकत असे. ती झिजली की पुन्हा लावता येई. काचेच्या लेपाचे तसे नाही. तो कथिलापेक्षा पुष्कळ टिकाऊ आहे, आंबटाला दाद देत नाही; परंतु एकदा उडाला की घरी किंवा दारी पुन्हा बसवता येत नाही. दोन चांगल्या गोष्टींमधला हा फरक मी बराच काळ विचारात घोळवला आहे. कल्हईच्या भांड्याला माफी होती. या भांड्याला आधीपासून सांभाळावे लागते.

सांभाळणे म्हणजे काय, ते कारणासहित समजून घ्या. कारण समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. लोखंड तापले की प्रसरण पावते, काचही पावते, पण दोघांचे माप अगदी सारखे नसते. कारखान्यात लेपाचे मिश्रण असे ठरवतात की थंड झाल्यावर लोखंड काचेपेक्षा किंचित जास्त आकसावे. त्यामुळे काच कायम थोडीशी दाबाखाली राहते. काचेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. आता रिकामे भांडे मोठ्या ज्योतीवर तापवले आणि त्यात एकदम गार पाणी ओतले, तर वरची काच क्षणात आकसू पाहते आणि खालचे लोखंड अजून फुगलेलेच असते. काचेवर नेमका ताण येतो आणि तिच्यात केसासारख्या चिरा पडतात. म्हणून भांडे कोरडे तापवायचे नाही, आच चढवायची ती हळूहळू, आणि गरम भांडे मोरीत नेऊन नळाखाली धरायचे नाही. ते स्वतःच्या वेळाने निवते. जेवण होईपर्यंत तसेच राहू द्यावे.

यावर तुम्ही विचाराल, मग फोडणीचे काय? फोडणी होते. तेल आणि भांडे एकत्रच मंद आचेवर ठेवावे, तीन-चार मिनिटांनी मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो तडतडला की बाकीची मोहरी. तांब्याच्या मानाने बिडातून उष्णता सुमारे सातपट हळू वाहते, म्हणून भांडे तापायला वेळ घेते. मात्र एकदा तापलेले ते वजन उष्णता सहज सोडत नाही. मोठी आच लावून त्याला घाई करता येत नाही, मधला भाग करपतो आणि कड थंडच राहते. आपल्या शेगडीची अडचण वेगळी आहे. जाळीच्या दांड्यांमधले अंतर मोठ्या पातेल्यांसाठी असते, लहान भांडे त्यावर कलंडते. बाजारात मिळणारी छोटी जाळी वर ठेवावी आणि लहान बर्नर वापरावा.

सांडशीविषयी मात्र कडक सांगते. स्वयंपाकघरातले इतके उपयोगी हत्यार दुसरे नाही, पण या भांड्याच्या काठाला तिने धरायचे नाही. तिच्या जबड्यात लेपाचा टवका हमखास उडतो. कान जाड फडक्याने धरावेत. ते झाकणाच्या मुठीइतकेच तापतात. स्टीलच्या पळीऐवजी लाकडी डाव. पांढऱ्या लेपावर स्टीलने जे करडे ओरखडे दिसतात ते बहुधा ओरखडे नसून काचेवर घासला गेलेला स्टीलचा अंश असतो आणि तो निघतो. तरी सवय लाकडाचीच असावी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी भांडे उचलून विचारले, "ताई, हे बिडाचं हाय ना? मग साबण कसा लावायचा? आमच्याकडं बिडाचा तवा साबणानं धुवत न्हाईत." त्यांचे ज्ञान पक्के होते. उघड्या बिडावर तेल तापून बसलेला थर हाच त्याचा मुलामा असतो, तो साबणाने खरवडायचा नसतो. इथे तो थर काचेचा आहे, म्हणून साबण चालतो. चालत नाही ती तारेची घासणी. त्यांनी भांडे उलटे करून पाहिले आणि काठावर बोट फिरवून म्हणाल्या, "इथं मात्र काच न्हाई." खरेच, भांडे आणि झाकण जिथे टेकतात त्या कडेवर बऱ्याचदा लोखंड जवळजवळ उघडे असते आणि पावसाळ्यात तिथे तांबूस गंज धरतो. धुतल्यावर कड पुसून तिथे तेलाचे बोट फिरवायचे आणि झाकण घट्ट न लावता मध्ये कापडाची घडी ठेवायची, ही पद्धत त्या दिवसापासून मावशींनीच सुरू केली. विमानाच्या प्रवासात भांड्याच्या तळाशी बाहेरून एक टवका उडाला होता. त्यालाही त्या तेल लावतात. टवका आत उडाला असता तर ते भांडे स्वयंपाकातून काढावे लागले असते, कारण त्याच्या कडेची काच पुढेही सुटत राहते आणि अन्नात येऊ शकते.

हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या लेपावर बसतो. तो घासून जात नाही. पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते भांड्यात मंद उकळावे, निवल्यावर धुवावे, आणि उरलेला पिवळेपणा खिडकीतल्या उन्हावर सोपवावा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. दोन दुपारी पुरतात.

आता यात काय शिजते ते सांगते, कारण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच. कुकरने आपल्या पाककृतींना एक कालमापन दिले: तीन शिट्ट्या, पाच शिट्ट्या. मला कुकर प्रिय आहे. माझे संशोधन त्याच्या भरवशावर पूर्ण झाले. पण शिट्टी आली की आपण भांड्यातला आवाज ऐकणे सोडतो. मराठीत शिजण्याच्या आवाजांसाठी किती अनुकरणवाचक शब्द आहेत पाहा: फोडणी चुरचुरते, आमटी खदखदते, भात रटरटतो. खदखदणे आणि रटरटणे यांत आचेचा फरक आहे, आणि तो कान ओळखतो. फ्रेंचमध्ये पाणी उकळीच्या अलीकडे असताना त्याच्यासाठी जे क्रियापद वापरतात त्याचा मूळ अर्थ थरथरणे. मला हवी असते ती हीच अवस्था.

वालाच्या डाळिंब्या घ्या. अर्धी वाटी वाल भिजवून, मोड आणून, सोलायला मला पंधरा मिनिटे लागतात. कुकरमध्ये त्यांचे पीठ होते. या भांड्यात तेल, हिंग, हळद, जिरे, त्यावर डाळिंब्या, त्या बुडतील इतके कोमट पाणी आणि झाकण. जड झाकण वाफ आत धरते, ती उंचवट्यांवर जमून थेंबाथेंबाने परत पडते. खदखद होऊ द्यायची नाही. डाळिंबी बोटाने चेपली जाऊ लागली की मगच आमसूल आणि गूळ. आंबट आधी पडले तर कडधान्य लवकर मऊ होत नाही. उघड्या लोखंडात आमसुलाने रस काळा पडला असता, पितळेत कळकला असता. इथे तो आपल्या रंगावर राहतो. वीस-पंचवीस मिनिटांत एका माणसाचे बिरडे होते आणि प्रत्येक डाळिंबी अखंड असते.

झाकणावरून आठवले. आपल्याकडे भाजीवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओततात, ते तुम्ही घरी पाहिले असेल. वरचे पाणी ताटलीला गार ठेवते, म्हणून आतली वाफ तिला लागून पुन्हा पाणी होते आणि भाजी न लागता शिजते. फ्रान्समध्ये 'दूफ' नावाचे एक बिडाचे भांडे मिळते. त्याच्या झाकणाला वरून खोलगट जागा असते आणि तिच्यात बर्फाचे खडे ठेवतात. हेतू तंतोतंत तोच. 'दू फ' म्हणजे मंद आच. लीलमधल्या एका दुकानात मुलीने मला ते दाखवले, तेव्हा मी तिला म्हटले की तुझ्या पणजीने यासाठी वेगळे भांडे विकत घेतले नव्हते.

चार लहान काटेरी वांगी भरून १८ सेंटिमीटरच्या भांड्यात अगदी शेजारीशेजारी बसतात, कलंडत नाहीत. अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटीला थोडे कमी पाणी: उकळी, मग दहा मिनिटे बारीक आच, मग गॅस बंद आणि दहा मिनिटे कोणी झाकण उघडायचे नाही. शेवटची दहा मिनिटे भात साठवलेल्या उष्णतेवर शिजतो. त्या वेळात मी दोन उत्तरपत्रिका तपासते. रात्री त्याच भांड्यात, धुऊन कोरडे केल्यावर, कोमट दुधाला विरजण लावते. जाड भिंतींमुळे ऊब टिकते. डिसेंबरातही सकाळी दही लागलेले असते.

पहिल्या काही महिन्यांत मी हे सगळे करून ताट घेऊन बसत असे आणि समोरची खुर्ची फार मोठी दिसत असे. त्या दिवसांविषयी भांड्याने काही केले, असे मी म्हणणार नाही. त्याने एवढेच केले की थोडे अन्न नीट शिजू लागले आणि ते टाकून देणे किंवा उभ्याउभ्या खाणे मला जमेना. इतका वेळ लागलेली गोष्ट माणूस ताटात वाढून घेतो, लिंबाची फोड ठेवतो. पुढे कधीतरी, कोणते दिवस होते ते सांगता येणार नाही, मी खुर्ची हलवून खिडकीकडे तोंड करून बसू लागले.

परवा मुलीचा फोन आला तेव्हा वाल सोलणे चालले होते. "आई, कोण येणार आहे?" तिने विचारले. कोणी येणार नव्हते, तसे मी तिला सांगितले. ती क्षणभर थांबली आणि मग तिने विचारले की मोड यायला तिकडच्या थंडीत किती दिवस लागतील. मी म्हटले, फडक्यात बांधून त्या जड भांड्यात ठेव, झाकण लाव, आणि भांडे आधी गरम पाण्याने ऊन करून पुसून घे. दोन दिवस पुरे होतील, फार तर तीन.